मदत हवी आहे: पहिली इलेक्ट्रिक गिटार कुठली घेऊ? (शनिवारच्या आत सांगा)

कातळशिल्प (बुधवार, रात्री ९:१२)
शनिवारी रत्नागिरीहून मुंबईला चाललोय, येताना इलेक्ट्रिक गिटार घेऊन यायची आहे. नवशिक्यासाठी, स्वस्त आणि मस्त. दोन-तीन नावं पटकन सांगा. रात्रीची गाडी आहे, दुकानात फार वेळ घालवता येणार नाही. यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो. "आधी अकूस्टिकवर शिका" हा सल्ला कृपया नको.

षड्जपंचम
बजेट? त्यात अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) धरलाय का? वाजवणार कोण, वय काय, ऐकतं काय? एवढं तरी लिहा, मग नावं सांगू.

माजघर
माझं मत विचाराल तर आधी अकूस्टिकच. बोटांना घट्टे पडले की इलेक्ट्रिक म्हणजे हातचा मळ.

सोल्डरगन
माजघर, नको म्हटलंय तेच नेमकं? इलेक्ट्रिकला कंपनीकडून बहुधा ०९-४२ च्या तारा येतात, अकूस्टिकला १२-५३. एफ बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायचा कॉर्ड) पकडताना लागणारा जोर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घट्टे पडण्याआधीच निम्मी मुलं गिटार कपाटावर टाकतात.

कातळशिल्प
गिटार विचारली तर जनगणना सुरू. मुलीसाठी आहे, बारावं वर्ष चालू आहे. बजेट २०. रॉक ऐकते, नावं मला माहीत नाहीत. आता सांगा.

षड्जपंचम
२० हजारांत सगळं, की नुसती गिटार? कारण केबल, पट्टा, ट्यूनर, जादा तारांचा संच, पिक्स, पिशवी हे धरलं की दीड-दोन हजार तिथेच गेले. अ‍ॅम्प वेगळा.

कातळशिल्प
सगळं म्हणजे सगळं. अ‍ॅम्प घ्यावाच लागतो का? घरी चांगला ब्लूटूथ स्पीकर आहे.

खर्जातला
त्याला लावू नका. दोन अडचणी. एक, ब्लूटूथवर आवाज साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. तार आत्ता छेडली आणि ऐकू नंतर आली तर ताल बसणारच नाही. दोन, स्पीकरला ऑक्सची तार असली तरी साध्या पिकअपला (तारांची थरथर पकडणारं, चुंबकाभोवती तार गुंडाळलेलं यंत्र) एक मेगओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. ऑक्सचं असतं दहा-वीस किलोओहमचं. त्याने वरचे सूर गिळले जातात आणि आवाज बारीक, गोधडीखालून आल्यासारखा येतो.

या बजेटात खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प घ्या. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग दोन बारीक सेलवर चालतो, न्यूक्सचा मायटी प्लग चार्ज होतो आणि त्यात मोबाइलवरचं गाणं सोबत वाजवता येतं. शेजाऱ्यांची तक्रार नाही, वाचलेले पैसे गिटारवर.

पिकअपवाला
असहमत. कायम हेडफोन लावून वाजवणाऱ्या मुलांचा उजवा हात दबलेला राहतो. फेंडरचा फ्रंटमॅन १०जी घ्या. १० वॉट खोलीला भरपूर आहेत, हेडफोनचं भोकही आहे.

खर्जातला
१० वॉटवाला बसेल मग २० मध्ये, फक्त गिटार घेता येणार नाही. आणि सहा इंची स्पीकरमधलं डिस्टॉर्शन ऐकून हात मोकळा होतो की कान किटतात यावर वेगळा धागा काढा.

षड्जपंचम
भांडण राहू द्या. कातळशिल्प, ही नावं घ्या: स्क्वायर सॉनिक स्ट्रॅट, यामाहा पॅसिफिका ०१२, आयबनेझची जिओ मालिका, कॉर्टच्या खालच्या पायरीच्या. भाव सतत हलतात, निघण्याआधी फोन करून विचारा.

पॅसिफिकाला ब्रिजपाशी (अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचं पिकअप आहे; त्याने रॉकचा जाड आवाज आणि गुणगुण कमी. सॉनिकला तिन्ही सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीची), विजेची ५० हर्ट्झची घरघर थोडी येणारच. पण बऱ्याच स्ट्रॅटमध्ये (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या गिटार) मधलं पिकअप उलट गुंडाळीचं असतं, तिथे पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ती विरते. "गिटार, अ‍ॅम्प, पट्टा, सगळं एका खोक्यात" असले बिननावाचे संच घेऊ नका. त्यांच्या खुंट्यांच्या गिअरमध्ये ढिलाई असते, मूल एका गाण्यात दोनदा बेसूर होतं आणि दोष स्वतःचा समजतं.

फ्लॉइड रोज, म्हणजे कुलपाचा तरंगता ब्रिज असलेली कुणी स्वस्तात दिली तरी नाही म्हणा. एक तार लावली की बाकीच्या पाच उतरतात. तारा बदलणं नवख्यासाठी रविवार खाणारं काम.

आंबोळी
बाराव्या वर्षी हात लहान. आयबनेझची मिक्रो बघा, तारेची लांबी २२.२ इंच. नेहमीच्या स्ट्रॅटची २५.५.

षड्जपंचम
बारा वर्षांच्या मुलीला पूर्ण मापाची सहज जमते. सहा-आठ वर्षांच्यांसाठी मिक्रो ठीक. लांबी कमी म्हणजे तारेचा ताण कमी, त्याच तारा ढिल्या लागतात आणि जोरात दाबलं की सूर चढतो.

तारसप्तक
अवांतर: मुलगी गाणं शिकत असेल तर हवाईन गिटारचा विचार करा! नटावर, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या आडपट्टीवर, उंच पट्टी बसवली की कुठलीही इलेक्ट्रिक मांडीवर घेऊन सळईने वाजते. मींड, गमक सगळं निघतं. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना याच वाद्यावर घरोघरी पोचवल्या.

सोल्डरगन
तारसप्तक, मुलगी रॉक ऐकते.

कातळशिल्प (गुरुवार, सकाळी ७:५०)
पॅसिफिका घेतो मग. ती डाव्या हाताने लिहिते, त्याने काही फरक पडत नाही ना?

पिकअपवाला
हे आत्ता सांगताय??

षड्जपंचम
फरक पडतो. वरची अर्धी यादी बाद. डावखुऱ्या गिटारमध्ये निवड एकदम आटते. स्क्वायरची सॉनिक स्ट्रॅट डावखुरी येते, आयबनेझची जीआरजी१७०डीएक्सएल आहे, यामाहाची ११२जेएल आहे पण ती या बजेटच्या वर. दुकानात तयार असेलच असं नाही. धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये किंवा जिथे जाणार तिथे आजच फोन करून एक पीस बाजूला ठेवायला सांगा.

माजघर
उजवीच घ्या. नाहीतरी दोन्ही हातांना काम आहे, नव्याने शिकणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच. पुढे कुणाचीही गिटार उचलून वाजवता येईल, विकतानाही गिऱ्हाईक मिळेल.

सोल्डरगन
ताल पिक धरलेल्या हातात असतो, तो हात सवयीचा हवा. घरच्या घरी बघा: बॅडमिंटनची रॅकेट हातात द्या आणि गाणं लावून गिटारची नक्कल करायला सांगा, काही न सुचवता. रॅकेटचा दांडा उजव्या हातात गेला तर डावखुरी घ्या. डाव्यात गेला तर माजघर म्हणतात तशी उजवी.

आंबोळी
हेंड्रिक्ससारखी उजवी उलटी करून घ्या की!

सोल्डरगन
करता येते, पण काम वाढतं. तारा उलट्या क्रमाने लावल्या की नटाच्या खाचा चुकतात: जाड तार बारीक खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत खडखडते. म्हणजे नट बदला. पट्ट्याचा गुंडा दुसऱ्या शिंगावर लावायला नवं भोक. आवाजाचं बटण आणि केबलची जागा वरच्या अंगाला, मनगटाखाली येते. वरच्या फ्रेटपाशी (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जी खोल खाच हवी ती भलत्या बाजूला. नवशिक्या मुलीवर हा प्रयोग कशाला?

कातळशिल्प (गुरुवार, रात्री ८:३०)
रॅकेटचा दांडा उजव्या हातात धरला. फोन केला, डावखुरी सॉनिक स्ट्रॅट एकच आहे, ठेवली आहे. अ‍ॅम्प हेडफोनचा घेतो. बजेट २५ केलं, आता वाढणार नाही. दुकानात काय बघू? मला वाजवता येत नाही.

षड्जपंचम
वाजवता यायची गरज नाही. सोबत छोटी स्टीलची पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड न्या. दुकानदाराला आधी सुरात लावायला सांगा, ढिल्या तारांवर मोजमाप खोटं येतं.

मानेचा बाक: पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरची फट हवी, कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) किंचित आवळून घ्यायचा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

तारांची उंची: कॅपो काढा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिमी, बारीक तारेखाली दीड. कमी-जास्त असेल तर ब्रिजवरचे बारीक स्क्रू फिरवून तिथल्या तिथे बसतं, करून मागा.

नट: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी हवी. मोठी असेल तर मुलीला पहिल्याच आठवड्यात बोटं दुखणार. खाच घासायला कारागीर लागतो, घरी कानस लावू नका.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं जातात, तरी करा. कुठे आवाज मरतो का, झणझणतो का बघा.

पिकअपवाला
माझ्याकडून इलेक्ट्रिकचं: अ‍ॅम्प हळू आवाजात लावा, छोट्या स्क्रूड्रायव्हरने एकेका पिकअपवर टिचकी मारा आणि स्विच पाचही जागी फिरवा. ज्या जागी जे चालू असेल तिथूनच "टक" यायला हवं. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. केबलचं सॉकेट मात्र हलतंय का बघा. ते बाहेरून फिरत राहिलं की आतली तार पिळून तुटते.

खर्जातला
आणि घरी आल्यावर ब्रिजचा दांडा आधी काढून ठेवा. मागचं झाकण उघडलं की स्प्रिंग ज्या पत्र्याला अडकतात त्याचे दोन लांब स्क्रू दिसतील. ब्रिज लाकडावर सपाट टेकेपर्यंत ते आवळा. मग तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात. लावताना खुंटीपाशी "टिंग" असा आवाज आला तर तार नटात अडकते आहे, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

तारसप्तक
कोकणात तारा गंजतात, खोबरेल तेलाचा हात फिरवत जा.

सोल्डरगन
अजिबात नको! तेल गुंडाळीच्या वेढ्यांत जाऊन धूळ धरतं, आठवड्यात आवाज बद्द होतो आणि वास मारतो तो वेगळाच. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसा. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसाळा बसला की मानेचा बाक पुन्हा तपासा, दमटपणाने तो वाढू शकतो.

कातळशिल्प (शनिवार, दुपारी ३:०५)
दुकानात आहे. उंची, बाक ठीक. पहिली (सगळ्यात बारीक) तार चौदाव्या फ्रेटवर दाबली की आवाज चोंदतो. तेराव्याला नाही, पंधराव्यालाही नाही. दुकानदार म्हणतो वाजवून वाजवून जाईल.

षड्जपंचम
जाणार नाही. चौदावर दाबल्यावर चोंदते याचा अर्थ पुढचा, पंधरावा, उंच आहे. खात्री करा: एटीएम कार्डाची अरुंद कड तारांच्या दिशेने १४ ते १७ या चार फ्रेटांवर उभी टेकवा, पहिल्या तारेच्या लगत. डुगडुगतंय का?

कातळशिल्प
डुगडुगतंय. त्यालाही दाखवलं, आता मान्य केलं. मंगळवारी कारागीर येतो, दुरुस्त करून देतो म्हणतो. माझी गाडी आज रात्रीची.

पिकअपवाला
आत्ता घेऊन जा, तारा थोड्या उचलल्या की झालं.

षड्जपंचम
नको. एका फ्रेटसाठी पहिली तार सगळीकडे उंच होईल. ट्रस रॉडनेही हे सुटत नाही, बाक गेला तरी फ्रेट उंच तो उंचच. थोडी रक्कम आगाऊ द्या, मंगळवारनंतर कुरियरने मागवा. मूळ खोक्यातच पाठवायला सांगा, पिशवीत नाही. पावतीवर "पंधरावा फ्रेट दुरुस्त करून" असं लिहून घ्या. सैल झाला असेल तर आधी ठोकून बसवायचा, नसेल तर घासायचा. घासला तर माथा पुन्हा गोल करून पॉलिश हवा, सपाट राहिला तर सूर झिणझिणतो.

कातळशिल्प
लिहून घेतलं. पाठवायला तयार आहे. हेडफोन अ‍ॅम्प आत्ताच घेऊन निघतोय, त्याला केबल लागेल का?

खर्जातला
नाही, थेट गिटारमध्ये जातो. स्ट्रॅटचं सॉकेट पुढच्या अंगाला तिरक्या खोबणीत असतं. तिथल्या दुसऱ्या कुठल्याही स्ट्रॅटला लावून बघा, नीट आत जातो का. प्लग फिरतो, आधी उघडून वळवा आणि मग घाला.