वाळलेला गुलमोहर बुंध्यातून पाडू नका
सांगलीतला एक वाळका गुलमोहर कसा पाडायचा, या प्रश्नावर कुणीतरी दोर बांधून बुंध्यातूनच कापा, असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. झाड ठरल्या दिशेला पडतं ते पडायच्या बाजूला घेतलेली खाच आणि तिच्या विरुद्ध बाजूने घेतलेला मागचा काप यांच्यामध्ये न कापता सोडलेल्या लाकडाच्या पट्टीमुळे. तिची जाडी खोडाच्या व्यासाच्या साधारण दहावा भाग. कुजलेल्या खोडात ही पट्टी मध्येच तुटते आणि झाड कुठेही वळतं, घरावरसुद्धा. आधी बुंधा लाकडी हातोड्याने ठोकून बघा. बद्द, पोकळ आवाज आला तर कुणालाही वर चढवू नका. क्रेनच्या पाळण्यातून शेंड्याकडून तुकडे उतरवा. करवतीच्या हादऱ्यानेही वाळकी फांदी सुटते, हेल्मेट हवंच. तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. मेलेल्या झाडालाही महापालिकेची परवानगी लागते.