बाळ आडवं आहे : ते आठवडे कसे काढलेत?

दुसरी खेप आहे, पस्तिसावा आठवडा चालू आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी पोट बराच वेळ चाचपलं आणि म्हणाल्या, "डोकं उजव्या कुशीत लागतंय, बाळ आडवं आहे." सोनोग्राफीतही तेच दिसलं. अजून वेळ आहे, फिरेल, नाही फिरलं तर बघू, एवढ्यावर भेट संपली. 'बघू' म्हणजे नक्की काय, हा प्रश्न घरी आल्यावर सुचला.

पायाळू बाळांच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात. आडव्या बाळाबद्दल बोलणारं कोणी सापडत नाही. ते साहजिकही आहे म्हणा. दिवस भरताना शंभरात तीन-चार बाळं पायाळू असतात, आडवं राहिलेलं एकही नसतं.

मला सल्ले नकोत, अनुभव हवेत. बाळ फिरलं का? फिरलं नसेल तर पुढे काय झालं? रात्री झोपायचात कशा? घरच्यांना काय सांगितलंत? वाईट अनुभव असेल तरी लिहा, फक्त शेवट आधी सांगून टाका, म्हणजे मला झोप लागेल.

*

माझी ती तिसरी खेप. डॉक्टरांनी कारण सरळ सांगितलं होतं. दोन बाळंतपणांत पोटाचे स्नायू सैल झालेले, त्यामुळे याला आत ऐसपैस जागा. पहिलटकरणीचं पोट घट्ट असतं, तिथे बाळाला मुकाट्याने उभं राहावं लागतं!

माझं पोट दोन्ही बाजूंना रुंद आणि वर बुटकं दिसायचं. टेपने उंची मोजली की आठवड्यांच्या मानाने कमी भरायची, म्हणून आधी वाढ कमी आहे की काय या धास्तीत होते. वाढ ठीक होती, बाळच आडवं पसरलं होतं. डावीकडे हाताला टणक गोळा, उजवीकडे लाथा.

छत्तीस आठवडे उलटल्यावर एका संध्याकाळी पोटात इतकं मोठं काहीतरी हललं की मी भिंतीला धरून उभी राहिले. नंतर लाथा थेट बरगड्यांखाली. दुसऱ्या दिवशी तपासलं तर डोकं खाली. त्या दिवसांत मी गुडघ्या-कोपरांवर ओणवी होऊन व्यायाम करत होते, त्यामुळे घरात सगळं श्रेय व्यायामाला मिळालं. मला नाही तसं वाटत. त्याला फिरायचं होतं, तो फिरला. पण ओणवं झाल्यावर कंबरेचा ताण हलका व्हायचा. तेवढ्यासाठी जरूर करा.

*

माझं बाहेरून वळवलं. यावर सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा 'भयंकर दुखतं' आणि 'काहीच दुखत नाही' एवढंच वाचायला मिळत होतं.

सदतिसावा आठवडा लागल्यावरची तारीख दिली होती. आधी सोनोग्राफी: वार कुठे आहे, पाणी किती आहे, पाठ कुठल्या बाजूला आहे. मग पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बराच वेळ बघितले. मग गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन. याबद्दल मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझंच हृदय धडधडायला लागलं, हात थरथरायला लागले आणि मला वाटलं मी घाबरलेय. ते औषधामुळे होतं. थोड्या वेळाने ओसरलं.

मग प्रत्यक्ष काम. डॉक्टरांनी एक हात डोक्यामागे आणि एक ढुंगणाशी ठेवला आणि दाबत दाबत सरकवायला सुरुवात केली. कळेसारखं दुखत नाही. कोणीतरी आतलं सामान हलवतंय असा जोरदार दाब असतो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं आहे. पण 'थांबा' म्हटल्यावर त्या दोन्ही वेळा लगेच थांबल्या. अधूनमधून सोनोग्राफीने ठोके बघत होत्या. दुसऱ्या प्रयत्नात पोटाचा आकार माझ्या डोळ्यांदेखत बदलला. तो क्षण विचित्र होता, छान वगैरे नव्हता.

पायाळू बाळाला अर्धा फेरा घ्यावा लागतो आणि साधारण निम्म्या वेळाच ते जमतं. आडव्याला पाव फेरा पुरतो, म्हणून आमच्यात जमण्याची शक्यता जास्त. मात्र दोनशेत एखादीला त्यानंतर लगेच सिझर करावं लागतं, म्हणून हे ऑपरेशन थिएटर हाताशी असलेल्या ठिकाणीच करतात. नंतर पुन्हा पट्टे, पुन्हा ठोके, आणि त्याच दिवशी घरी. बाळ मग तसंच राहिलं. चाळिसाव्या आठवड्यात नॉर्मल बाळंतपण झालं.

*

वरचं वाचून कोणी लगेच 'माझंही वळवा' म्हणणार असेल तर आधी विचारा की आडवं का आहे. माझी वार गर्भाशयाच्या तोंडावर होती. डोक्याला खाली यायला वाटच नव्हती. अशा वेळी वळवणं बाद, आणि वार कुठे आहे हे कळेपर्यंत आतून तपासणीसुद्धा करत नाहीत, कारण बोट लागलं तरी जोरात रक्तस्राव होऊ शकतो. मला एकच नियम होता: रक्त दिसलं की दुखो न दुखो, निघायचं. एकदा दिसलं, गेलो, थांबलं, ठेवून घेतलं. तारीख देऊन सिझर झालं. मुलगी आता पळते.

*

शेवट आधी: बायको आणि मुलगा दोघंही ठणठणीत आहेत. मुलगा शाळेत जातो.

मी वडील आहे, इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो. पण ज्या गोष्टीने आमचं निभावलं ती मला सांगितली गेली होती, तिला नव्हे, म्हणून लिहितो. एका तपासणीच्या वेळी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोकं खाली असतं तेव्हा ते बुचासारखं दार बंद करतं. आडव्या बाळात दार उघडं असतं. पाणी गेलं तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. तेव्हा कळांची वाट बघायची नाही."

अडतिसाव्या आठवड्यात, दाखल व्हायची तारीख यायच्या आधी, रात्री पाणी गेलं. तिला काहीतरी लोंबल्यासारखं जाणवलं. बघितलं तर नाळेचा वेढा बाहेर आला होता.

नाळ दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून तिला तिथेच गुडघे आणि छाती टेकवून, ढुंगण वर करून ओणवं केलं, म्हणजे बाळाचा भार नाळेवरून वर सरकतो. नाळेला हात लावला नाही. आत ढकलायची तर अजिबात नाही, कारण हाताळल्याने तिच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. फोनवर पहिलंच वाक्य बोललो: "बाळ आडवं आहे, पाणी गेलंय, नाळ बाहेर दिसतेय." ही तीन वाक्यं मी आधी पाठ केली होती, आणि बायको त्यावरून मला हसायची. अँब्युलन्समध्ये ओणवं राहणं धोक्याचं, म्हणून डाव्या कुशीवर झोपवून कंबरेखाली उशा कोंबल्या. तिथे पोचेपर्यंत थिएटर तयार होतं. पूर्ण भूल दिली. बाळाला थोडा वेळ अतिदक्षता विभागात ठेवलं.

घाबरवायला लिहिलेलं नाही. हे बहुतेकांना होत नाही. पण गाडीत पेट्रोल आहे ना, रात्री कोणाला फोन करायचा, मोठ्या मुलाजवळ कोण थांबणार, हे नवऱ्यांनी पस्तिसाव्या आठवड्यातच ठरवून ठेवावं. बाईने पोट सांभाळायचं का याद्या करायच्या?

*

मी प्रसूती विभागात बरीच वर्षं नर्स आहे. वरच्या वडिलांना सलाम.

उपायांबद्दल मला रोज विचारतात. ओणवं राहणं, कंबर उंच करून झोपणं, पायाच्या करंगळीजवळ वनस्पतीची धुरी देणं, यातल्या बहुतेकांचा अभ्यास पायाळू बाळांवर झालाय, आणि फार भरवशाचं काही हाती लागलेलं नाही. नुकसान नसेल ते करा, पण पाय भिंतीवर टेकून उलटं होणं वगैरे नको. झोपताना कुशीवर झोपा. शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्याच गर्भवतींना आम्ही हे सांगतो, त्याचा बाळाच्या आडवेपणाशी संबंध नाही.

पोट चोळून बाळ 'सरळ करून देणारी' व्यक्ती कितीही अनुभवी असो, तिच्या हातात पोट देऊ नका. इस्पितळात वळवताना ठोके बघत असतात, थिएटर शेजारी असतं. घरात वार सुटली तर काय करणार? मी एक केस बघितली आहे, इथे लिहीत नाही.

आणि हालचाल. बाळ आडवं असताना लाथा वेगळ्या जागी लागतात, पाठ पुढे असेल तर कमी जाणवतात, हे खरं. पण नेहमीपेक्षा कमी झाल्यात असं वाटलं तर 'आडवं आहे म्हणून असेल' असं स्वतःला समजावत बसू नका. या.

*

आमचं ध्यान रोज नवीन जागी असायचं. पाणी जास्त होतं, त्यात ते पोहत होतं. सकाळी आडवं, दुपारी तिरकं, पुढच्या दिवशी डोकं खाली, मग ढुंगण खाली. सदतीस आठवडे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी राहून जोखीम घेण्यापेक्षा इथेच राहा. पाणी गेलंच तर थिएटरपासून चार पावलांवर असाल.

दुखत काही नाही, आजारी नाही आणि वॉर्डात पडून. शेजारच्या खाटा भरायच्या, रिकाम्या व्हायच्या. राउंडला डॉक्टर यायचे, पोटाला हात लावायचे आणि सिस्टर विचारायच्या, "आज कुठे?" मी भरपूर रडले त्या काळात, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने 'आराम मिळतोय ना' म्हटलं. असं म्हणू नका कोणाला.

शेवटी एकदा डोकं खाली सापडलं तेव्हा त्यांनी संधी साधली. डोकं बाहेरून धरून ठेवलं, कळा सुरू केल्या, आणि डोकं खाली टेकल्यावर पाणी बेताबेताने फोडलं. थिएटरची सगळी तयारी शेजारी होतीच. लागली नाही.

*

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, सिझर झालेल्यांसाठी.

माझ्या गर्भाशयात जन्मापासून मधोमध पडदा आहे. हे मला त्या सोनोग्राफ्यांमध्ये कळलं नाही, सिझरच्या वेळी कळलं. तोवर मी काय चुकीचं बसले, काय जड उचललं याचा हिशेब रात्रभर करायचे. सासूबाईंनीही त्यात भर घातली. पडद्यामुळे बाळाला वळायला जागाच नव्हती. कोणाच्या बसण्या-उठण्याचा काही संबंध नव्हता. फायब्रॉइडची गाठ खाली असली तरी असंच होतं म्हणे.

आता मुद्द्याचं. आडव्या बाळाची पाठ खालच्या बाजूला असेल तर डॉक्टरांच्या हाताला चटकन पाय सापडत नाहीत. अशा वेळी कधी कधी गर्भाशयावर नेहमीचा आडवा छेद न घेता उभा घ्यावा लागतो. माझा तसा घेतला. पोटावरच्या टाक्यांवरून हे कळत नाही, माझे टाके बाहेरून इतरांसारखेच आडवे आहेत. पण उभ्या छेदानंतर पुढच्या खेपेला कळांमध्ये गर्भाशय फाटायचा धोका बराच वाढतो, म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच सिझर करतात. मला हे घरी जाताना कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी नवीन डॉक्टरांनी जुने कागद मागवले तेव्हा समजलं. घरी सोडताना आतला छेद कसा घेतलाय ते कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद जपा.

*

जुळी होती. पहिली डोक्याने आली, तिच्या मागे दुसरा आडवा. डॉक्टरांनी हात आत घालून त्याचे पाय धरले आणि पायाकडून काढला. मला एपिड्युरल होतं, नाहीतर मी हे इतक्या शांतपणे लिहिलं नसतं. एकेकट्या आडव्या बाळाला हे करत नाहीत, दुसऱ्या जुळ्यालाच करतात, तेही सवयीचे हात असले तर.

*

धागाकर्ती : सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो ती तीन वाक्यं पाठ करतोय. ज्यांनी बाळ वळवून घेतलं त्यांना एक विचारायचं होतं. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. मग वळवता येतं का?

*

वळवता येतं. माझाही निगेटिव्हच आहे, वर लिहायचं राहिलं. वळवताना बाळाचं थोडं रक्त आपल्या रक्तात मिसळू शकतं, म्हणून त्यानंतर अँटी-डीचं इंजेक्शन देतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक घेतलं असेल तरी हे वेगळं घ्यावं लागतं. दंडात दिलं, दुसऱ्या दिवशी तिथे थोडं ठणकलं. त्यांच्या लक्षात असतंच, तरी तुम्ही आठवण करा.