संत्र्याच्या साबणाचा वास महिन्याभरातच उडते, काय करावं?

वरुडची_ताई
नमस्कार सगळ्यांना. आमच्या बचत गटातल्या बाया मिळून घरी साबण करतो, खोबरेल, एरंडेल अन् थोडं सूर्यफूल, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तेलं मिसळून, न शिजवता करायचा कोल्ड प्रोसेसच. बागा घरच्याच त्यामुळं संत्र्याच्या सालीला काही तोटा नाही, संत्र्याचं वासाचं तेल मात्र इकत आणतो. साच्यात ओततानी सारं घर घमघमते पण महिना झाला की वडी नाकाशी धरा तं नुसता साबण, संत्र्याचा मागमूस नाही. सालीची पावडर टाकली तं रंग आला, वास नाही, अन् अंगाला खरखर लागते ते वेगळंच. कोणी म्हणते रस टाका, कोणी म्हणते साल खोबरेलात मुरवा. दुकानातल्या साबणाला मंग कसा काय टिकते? दिवाळीच्या आधी स्टॉल लावायचा आहे, नक्की काय करावं सांगा.

काटोलवाला
ताई, संत्र्याचं तेल हे ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असते, अन् ते लय हलकं, सगळ्यात आधी उडणारं. त्यात तुम्ही ते कॉस्टिकमध्ये टाकता, साबण बनतानी गरम होते, वरून महिनाभर उघड्यावर वाळवता, मंग राहीन काय.
रस तं टाकूच नका. त्यातलं सायट्रिक अॅसिड कॉस्टिक खाते, साखरेनं साबण आणखी तापते, अन् वास काही येत नाही. साल मुरवलेलं खोबरेल डोक्याला लावायला मस्त, साबणात त्याचा वास मरते.
दुकानातला साबण बहुतेक तयार नूडल्सपासून करतात. म्हणजे साबण आधीच झालेला असते, त्यात सेंट मिसळून दाबून वडी काढतात, सेंटची अन् कॉस्टिकची गाठच पडत नाही. अन् तो सेंटही बहुतेक कारखान्यातला राहते.
तुम्ही फोल्डेड ऑरेंज ऑइल मागवा, ५ फोल्ड नाहीतर १० फोल्ड, म्हणजे पाचपट नाहीतर दहापट घट्ट केलेलं. त्यातलं बरंचसं लिमोनीन काढून टाकलेलं असते म्हणून मागं राह्यलेला वास घट्ट असते. महाग आहे पण साध्या तेलाची बाटली रिकामी करण्यापेक्षा परवडते.

गवती_चहा
१० फोल्डसुद्धा एकटं टाकू नका, सोबत जड वासाचं काहीतरी पाहिजेच. मी १ किलो तेलांना सगळा मिळून ३० ग्रॅम वास धरते: १८ संत्रा, ६ गवती चहा, ४ देवदार, २ वाळा. गवती चहाच्या तेलात सिट्रल असते, लिंबासारखाच वास पण साबणात संत्र्याहून बराच जास्त टिकते, त्यामुळं नाकाला वाटते की फळाचाच वास येऊन राह्यला. लित्सिया (तेही लिंबासारख्या वासाचं तेल) मिळालं तं ते आणखी गोड लागते. वाळ्याचं तेल महाग पडते, नसलं तं पचौली घ्या, पण थेंब मोजून, नाही तं साबण संत्र्याचा कमी अन् अगरबत्तीचा जास्त होते.

काटोलवाला
वाळ्याचं बरोबर बोलल्या. कूलरची खसची टाटी आठवा, पाणी पडलं की पूर्ण उन्हाळा वास देते.

वरुडची_ताई
धन्यवाद भाऊ, ताई. एक विचारायचं राह्यलं, एका व्हिडिओत सांगितलं की फ्लॅश पॉइंटच्या वर तेल टाकलं की वास जळून जाते, संत्र्याचा तं ५० च्याही खालीच हाय म्हणे. खरं का?

काटोलवाला
आकडा बरोबर, अर्थ चुकीचा. फ्लॅश पॉइंट म्हणजे त्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी लागली तं पेट घेते. म्हणून गॅसजवळ बाटली उघडू नका, एवढंच. बाकी गरमीनं वास लवकर उडते हे खरंच. तेलं अन् कॉस्टिकचं पाणी ३५-३८ पर्यंत थंड होऊ द्या, वास शेवटी घाला, साच्यावर चादर-गोधडी पांघरू नका. मोठ्या लाकडी पेटीपेक्षा छोटे साचे बरे, मधोमध तापत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा अन् वर टिनाचं छत, तिथं वाळवत ठेवलं तं १० फोल्डही काही करणार नाही. हिवाळ्यात करा, नाही तं आतल्या खोलीत फळीवर ठेवा.

आजीबाई_मोर्शी
कायले एवढा खटाटोप करता बाप्पा. संत्र्याची साल सावलीत वाळवा, उन्हात नाही, कडकड मोडली पायजे. मंग नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद याच्यासंगं दळून वस्त्रगाळ करा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. उटण्याले पाणी नाही, कॉस्टिक नाही, वास जाईन कुठं? दिवाळीच्या स्टॉलवर साबणाच्या आधी उटणंच इकते, पाहून घ्या.

गवती_चहा
आजीचं पटते. स्टॉलवर दोन्ही ठेवा ताई, साबणासंगं उटण्याची पुडी, त्या सालीचाही उपयोग होते. मुलतानी मातीत तेल मुरवून टाकलं की वास धरून ठेवते असं बऱ्याच जणी सांगतात, मला तं काही फरक दिसला नाही.

वरुडची_ताई
आजी, उटण्याचं प्रमाण सांगा ना. अन् हेच तेल अंगाला लावायच्या बाम-लोशनमध्ये चालीन का?

काटोलवाला
गोड संत्र्याचं कमी प्रमाणात चालते. लिंबाचं दाबून काढलेलं तेल मात्र अंगावर राहणाऱ्या वस्तूत जपून, लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, काळे डाग पडतात. साबण धुऊन जाते म्हणून तिथं ती भीती नाही. तेल जुनंही वापरू नका, हवा लागून लिमोनीन बिघडलं की खाज सुटते. छोट्या गडद बाटल्या गच्च भरून फ्रिजमध्ये ठेवा. अन् इकायचं असन तं लायसन्सचं आधी विचारून घ्या, सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला लागते ते.

आजीबाई_मोर्शी
साल दोन वाट्या, आंबेहळद अर्धी, बाकी सगळं पाव-पाव वाटी. वाळा कैचीनं बारीक कापून मंग दळा, नाही तं मिक्सरच्या पात्यात गुंडाळते.