जुनी ऑक्टाव्हिया १.८ टी: बूस्ट ईसीयूनं सांभाळायचं की स्क्रूनं?

ट्यूनवेडा_पुणे
जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टी (टर्बो पेट्रोल) घेऊन मॉड करणारी पोरं वाढलीत, बघून बरं वाटतं, पण बरेच जण पहिलं काम काय करतात तर मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर टाकतात, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब (बूस्ट) हातानं ठरवणारा स्क्रू. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्ट बाजूला वळवून बूस्ट रोखणारी झडप, तिच्या नळीत बॉल-स्प्रिंगचा व्हॉल्व्ह, स्क्रू पिळला की बूस्ट वाढलं. माझं स्पष्ट मत आहे, रोजच्या गाडीत हे नको, बूस्ट ईसीयूनंच (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवावं, नीट रीमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून. ईसीयू ज्यानं वेस्टगेट सांभाळतो त्या कंपनीच्या एन७५ सोलेनॉइडची (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) वायर निघाली तर प्रेशर सरळ वेस्टगेटला जातं, गाडी मंद होते पण इंजिन वाचतं. स्क्रूला मात्र काहीच कळत नाही, बाहेर ४० डिग्री आहे, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलाय, टाकीत ९१ ऑक्टेन आहे, तरी बूस्ट तेवढंच.

सांगलीचा_मिस्त्री
भावा अर्धीच बाजू सांगितलीस. वायरचं ठीक आहे, पण वेस्टगेटची नळी तडकली तर एन७५ असला तरी वेस्टगेट बंदच राहणार आणि ओव्हरबूस्ट होणार. गाड्या जुन्या झाल्यात, रबर कडक झालंय, सोलेनॉइड चिकटतात. स्क्रूच्या पितळी व्हॉल्व्हमध्ये बिघडायला आहे काय? शिवाय ठरलेल्या प्रेशरपर्यंत तो वेस्टगेटला उघडू देत नाही म्हणून स्पूल (टर्बोनं वेग धरणं) पण लवकर. आणि इंधन अवेळी पेटल्याचा ठोका पकडणारा नॉक सेन्सर कुणी काढून टाकलाय का, त्यावरून ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागं घेतोच की.

घाटरस्ता
दोघांनी घाटाचा विचार केलाच नाही. महाबळेश्वरला हवेचा दाब साधारण ०.८६ बार. ईसीयू ॲब्सोल्यूट प्रेशर (बाहेरच्या हवेच्या दाबासकट एकूण) धरून चालतो, १.९ बार मागितलं तर प्रेशर रेशो (एकूण दाब भागिले बाहेरचा दाब) खाली १.९ आणि वर तोच २.२, म्हणजे या गाडीतल्या के०३ सारख्या लहान टर्बोला जास्त पळावं लागतं. स्क्रूवर ०.९ बार गेज (बाहेरच्या दाबाच्या वरचं) ठेवलं तर वर रेशो २.०५ च्या आसपास. इथं मिस्त्रींचा स्क्रूच टर्बोला सांभाळून घेतो.

ट्यूनवेडा_पुणे
@घाटरस्ता पटलं, पण चांगला ट्यूनर उंचीप्रमाणे टार्गेट कमी करतो, स्वस्तातल्या रीमॅपच्या फायलीत ते उडवलेलं असतं म्हणून फाइल कुणाकडून घेतो ते बघा. @मिस्त्री दादा, नॉक सेन्सर शेवटचा बचाव आहे, त्याच्या भरवशावर रोज गाडी चालवायची नसते. आणि स्क्रूनं ओव्हरबूस्टचा कोड पी०२३४ आला, गाडी लिंप मोडला (ईसीयू ताकद मुद्दाम कमी करतो) गेली की लोक बूस्ट मोजणाऱ्या मॅप सेन्सरला क्लॅम्प (रीडिंग एका मर्यादेत दाबून ठेवणारा जुगाड) लावतात, मग ईसीयूला खरं प्रेशर दिसतच नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

सांगलीचा_मिस्त्री
क्लॅम्प लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, ते इंजिन मारणंच आहे. पण म्हणून स्क्रू वाईट होत नाही. स्क्रू थोडा थोडा पिळायचा, गेज लावायचं, तिसऱ्या गिअरमध्ये लॉग (ईसीयूच्या रीडिंगची नोंद) घ्यायचा. डायग्नोस्टिक टूलमध्ये ब्लॉक ०२० ला चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागं येतंय ते दिसतं, ११५ ला मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट. टायमिंग मागं यायला लागलं की तिथंच थांबायचं. ५५०० आरपीएमच्या पुढं के०३ तसाही नुसती गरम हवा देतो, तिथं जास्त बूस्ट मागण्यात अर्थच नाही, मग रीमॅप असो की स्क्रू.

ट्यूनवेडा_पुणे
लॉग घेणारा माणूस असेल तर माझी हरकत निम्मी कमी होते दादा. पण मे महिन्यात गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की तो स्क्रू परत कमी कोण करणार?