ठाण्याचा इतिहास नेमका कधी वळला? १८५३ च्या आगगाडीने, की त्याच्या ७९ वर्षं आधी?

खाडीकाठ (धागाकर्ता):
दर १६ एप्रिलला ठाण्यात एकच गोष्ट सांगितली जाते. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली आणि ठाण्याचं नशीब पालटलं. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. दिवस मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. पण माझं ठाम मत आहे की ठाणं तोवर वळून गेलं होतं. तो दिवस २८ डिसेंबर १७७४, इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला तो. जागा म्हणाल तर आजचं मध्यवर्ती कारागृह. ज्या भिंतीला लागून आपण रोज जातो, तोच ठाण्याचा किल्ला.

पोर्तुगीजांनी तो १७३० मध्ये बांधायला घेतला. १७३७ ला चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, १७३९ ला वसई पडली. इंग्रजांचा मात्र साष्टीवर, म्हणजे ठाणं ज्यावर आहे त्या मुंबईच्या उत्तरेच्या बेटावर, १६६१ पासून डोळा होता. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात मुंबई मिळाली, साष्टी मिळाली नाही, ही त्यांची जुनी सल. शंभर वर्षांत जमलं नाही ते १७७४ मध्ये का जमलं? कारण आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. राघोबादादा एकीकडे, बारभाई (त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेले कारभारी) दुसरीकडे, आणि पेशवे म्हणजे आठ महिन्यांचे सवाई माधवराव. त्यात पोर्तुगीज पुन्हा साष्टी घ्यायला येणार अशी बातमी आली आणि इंग्रजांनी घाई केली. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई आपल्याला परत मिळाली, साष्टी कायमची गेली.

साष्टी हाती नसती तर इंग्रजांची मुंबई पाण्यातल्या बेटांपुरतीच राहिली असती. कुर्ला, भांडुप, मुलुंड हा सगळा पट्टा साष्टीतला. विहारचा तलावही साष्टीतलाच. पहिल्या गाडीचे बरेचसे रूळ या जमिनीवर पडले. म्हणून १८५३ हे फळ आहे, बी १७७४ चं.

कळवा लोकल:
पूर्णपणे असहमत. किल्ले आपल्याकडे कितीदा घेतले आणि दिले गेले! ठाण्याचाच किल्ला चाळीस वर्षांत तिघांकडे फिरला, हे तुम्हीच लिहिलंय. मग तिसऱ्या वेळेला 'वळण' कशाला म्हणायचं? १७७४ नंतरची ऐंशी वर्षं ठाणं काय होतं? कचेरी, तुरुंग आणि तळी.

रेल्वेनंतर बघा. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. १८६३ ला बोरघाट चढले. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गिरण्या उभ्या राहिल्या. माझे पणजोबा साताऱ्याकडून गिरणीत आले ते या रुळांवरूनच. चिमाजीअप्पांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण माझं कुटुंब इथे का आहे, याचं उत्तर रेल्वेत आहे.

थेऊरकर:
तुम्ही दोघंही तोफा वाजल्या तो दिवस धरताय. मला तीच पद्धत चुकीची वाटते.

पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१, आपल्या भाषेत 'पानिपत झालं' हा सर्वनाशाला शब्दच झाला. पण दहाच वर्षांत, १७७१ ला, महादजी शिंदे दिल्लीत होते. म्हणजे एवढा भयंकर घाव सोसूनही राज्य उभं राहिलं. ते उभं करणारा माणूस १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेला. थोरले माधवराव, वय २७. त्या दिवशी ना लढाई झाली, ना तह. पण माधवराव जगते तर नारायणराव गादीवर येत नाहीत, खून होत नाही, राघोबांना संधी मिळत नाही आणि इंग्रजांची ठाण्यावर यायची हिंमत होत नाही. खाडीकाठ, तुमच्या डिसेंबरचं मूळ थेऊरच्या त्या खोलीत आहे.

खाडीकाठ:
@थेऊरकर, हे मान्य करताना जीव जड होतो, पण बरंचसं मान्य. फक्त एक. असं मागे मागे गेलं तर थांबायचं कुठे? माझी कसोटी अशी: ज्यानंतर परत फिरता आलं नाही, ते वळण. माधवरावांनंतरही मराठ्यांनी १७७९ ला वडगावला इंग्रजांना शरण यायला लावलं. राज्य सावरत होतं. साष्टी मात्र पुन्हा कधीच हाती आली नाही.

@कळवा लोकल, 'कचेरी आणि तुरुंग' म्हणालात. त्याच तुरुंगातून १८१६ ला दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले आणि दोन वर्षांत पेशवाई बुडाली. इतकं निवांतही नव्हतं ठाणं.

मिठागर:
मी खाडीच्या पलीकडचा, आगरी, आमचं गाव आता नवी मुंबईत. तुमची चर्चा दोन दिवस वाचतोय. दादा, तुमच्या कसोटीनेच बोलतो.

१७७४ ला तुमचा काठ इंग्रजांकडे गेला, आमचा पेशव्यांकडेच राहिला. १८१७ ला बेलापूरही गेलं. आमच्या गावात काय बदललं? भरती तीच, खारबांध तोच, भातशेती, मीठ आणि मासळी तीच. सारा घेणारा बदलला. तुमची आगगाडी समोरच्या काठाने जात होती, आमच्याकडे मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती १९९२ ला.

आमचं वळण १७ मार्च १९७० चं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना, ९५ गावांची जमीन. बांध गेला, मिठागर गेलं, परत फिरता आलं नाही. आणि दुसरं वळण १६ आणि १७ जानेवारी १९८४. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमीन गेलेल्यांच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच माणसं हुतात्मा झाली. त्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. माझे काका त्या गर्दीत होते. घरी परतले तेव्हा अंगावरचा सदरा दुसऱ्याच्या रक्ताने भिजला होता. आजी तो धूत होती, तेवढंच मला आठवतं. मी सहा वर्षांचा.

ही तारीख तुमच्या यादीत का नाही?

कळवा लोकल:
काका, तुमच्या वेदनेबद्दल आदर ठेवूनच विचारतो. शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ मध्येच मांडली होती. मुंबई फुटायला आलीच होती. १९७० नसतं तर १९७५ असतं. मग ते वळण कसं?

मिठागर:
शहर झालंच असतं, हे मान्य. कसं झालं असतं, हा प्रश्न आहे. त्या कल्पनेत राज्य सरकारने खाडीपलीकडे यायचं होतं. मंत्रालय आलं का? नरिमन पॉइंटवरच राहिलं. साहेबांना हलायचं की नाही हे ठरवता आलं, आम्हाला आलं नाही. आणि ८४ ला लोक रस्त्यावर उतरले नसते तर साडेबारा टक्के आपोआप मिळाले असते का? ते 'झालंच असतं' मधलं नाही. ते पाच जणांनी घडवलं.

खाडीकाठ:
तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी किल्ल्याच्या अंगाने ठाण्याचा इतिहास वाचत आलो, पलीकडचा काठ नकाशावर रिकामा धरून. १७७४ वरचं माझं मत कायम आहे, पण ते साष्टीपुरतं. अख्ख्या जिल्ह्याचं वळण म्हणून ते मांडलं, ती माझी चूक.

तुमच्या काकांनी काही लिहून ठेवलंय का? नसेल तर त्यांच्याशी बोलायला मला यायचंय.

मिठागर:
काका आता ७८ वर्षांचे. लिहिलेलं काही नाही, सांगतात मात्र सगळं. १६ जानेवारीला ते जासईच्या हुतात्मा स्मारकावर असतात, सकाळपासून. या.