नोटरी पुरत नाही, भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी
एकांनी लिहिलंय की घरभाड्याचा करार ११ महिन्यांचा असेल तर नोंदणी नको, नोटरी पुरते. महाराष्ट्रात नाही पुरत. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे हाच, ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. एवढं कळलं तरी बरेच मालक नोटरीचा नाद सोडतील!

खर्चही फार नाही. मुदतीचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. २५,००० भाडं, १ लाख डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांसाठी हजाराच्या आतच. शहरात नोंदणी फी १,०००. वर एजंटचे काय ते. आमच्या घणसोलीच्या फ्लॅटला तो थम्बचं मशीन घेऊन घरीच आला. आईचा अंगठा काही उमटेना, हात धुऊन पुसल्यावर एकदाचा लागला.

भाडेकरूंनी ड्राफ्टमध्ये लॉक-इन (ठराविक काळ करार मोडता न येण्याची अट) आणि रंगकाम आधी बघा. 'रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून वजा' असं मोघम असेल तर आकडा घालून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका, व्यवहार क्रमांक करारात येऊ द्या.

आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे, ते एजंटने केलंय का ते विचारा.