रील्सच्या गोंगाटातून बाहेर पडायचंय, पण फोटो दाखवणं सोडायचं नाहीये. कुठे जाऊ?

ओहोटीवेडी, माहीम
नमस्कार मंडळी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते तेव्हा मी हाजी अली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर जाते आणि खेकडे, समुद्रफुलं, शंख-गोगलगायी यांचे फोटो काढते. इतकी वर्षं सगळं एका मोठ्या अ‍ॅपवर टाकत आले पण आता तिथे फोटो कुणाला दिसतो कुणाला नाही काही कळत नाही, बदलापूरच्या बहिणीला माझे फोटो दिसतच नाहीत आणि अनोळखी लोक मात्र सांगतात की गाणं लाव, रील कर. पाणी चढायच्या आत जेमतेम दोन तास मिळतात आणि त्यातही डोक्यात हेच की हा शॉट चालेल का. हे मला खरंच नकोय. पण शेअर करणं आवडतं, आई आणि मावशी वाट बघतात फोटोंची. तुमच्यापैकी कुणी असं सोडून दुसरीकडे गेलंय का?

भांडुपचा_पाणथळ
ताई, पिक्सेलफेड बघा. फोटोंसाठीच आहे, जाहिराती नाहीत, ज्यांना फॉलो करता त्यांचेच फोटो आणि तेही वेळेच्या क्रमाने. मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे, ते जास्त लिहिण्या-बोलण्यासाठी. दोन्ही ईमेलसारखी चालतात म्हणजे तुमचं खातं एका सर्व्हरवर (कुणीतरी चालवत असलेल्या संगणकावर), समोरच्याचं दुसऱ्यावर, तरी एकमेकांचं दिसतं. फक्त सर्व्हर निवडताना तो कोण चालवतं, नियम काय, खर्च कुठून भागतो हे वाचून घ्या, बरेचसे सर्व्हर हौशी लोक देणग्यांवर चालवतात. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. आणि स्पष्ट सांगतो, मराठी माणसं तिथे अजून थोडी आहेत. मला मात्र तिथे एका फोटोवर नीट गप्पा होतात हे फार आवडतं.

शिवडी_फ्लेमिंगो
मला वाटतं तुमच्या फोटोंची खरी जागा आयनॅचरलिस्ट, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदींची वेबसाइट आणि अ‍ॅप. तारीख आणि ठिकाणासकट नोंद टाकायची, जगभरातले जाणकार ओळख पटवायला मदत करतात आणि ती नोंद अभ्यासकांना वापरता येते. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले, त्यामुळे त्या खडकांवर आधी काय होतं आणि आता काय आहे याच्या नोंदी किती मोलाच्या आहेत विचार करा! इथे लाइक किती याचं कुणाला पडलेलं नसतं, प्रश्न एकच, हा प्राणी कोणता. एक विनंती, नाजूक काही सापडलं तर अचूक ठिकाण झाकून ठेवायची सोय आहे ती नक्की वापरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी.

गिरगावकर_काकू
अगं पण आई-मावशीला कुठे पिक्सेलफेड शिकवत बसणार! त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट कर. ग्रुप नको, ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो येतात आणि तुझा खेकडा वर कुठेतरी हरवतो. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकीला वेगळा मेसेज जातो, उत्तर फक्त तुला येतं. त्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह हवा, नाहीतर पोचत नाही. ईमेल बघणारे असतील त्यांना महिन्यातून एकदा पाच-सहा फोटो आणि चार ओळी पाठव, मी भाच्यांना अशीच पाठवते आणि त्यांची इतकी लांबलचक उत्तरं येतात की वाचून दिवस छान जातो.

भांडुपचा_पाणथळ
काकू बरोबर. फक्त व्हॉट्सअ‍ॅपही त्याच मोठ्या कंपन्यांपैकी एकीचं आहे, ज्यांना तेही नकोय त्यांनी सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप बघा. आणि ताई, जुनं खातं बंद करण्याआधी सगळा डेटा डाउनलोड करून घ्या, आणि काही दिवस तिथे नवा पत्ता लिहून ठेवा म्हणजे ज्यांना यायचंय ते येतील.

ओहोटीवेडी, माहीम
सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदी आयनॅचरलिस्टवर, घरच्यांना ब्रॉडकास्ट, पिक्सेलफेड सावकाश बघेन. आज रात्रीच आईच्या फोनमध्ये माझा नंबर नीट सेव्ह आहे का बघते. @शिवडी_फ्लेमिंगो, ते ठिकाण झाकणं प्रत्येक नोंदीला वेगळं करावं लागतं का? आणि जुने फोटो आहेत ज्यांची तारीख आहे पण नेमका खडक आठवत नाही, ते टाकले तर चालतील का?

शिवडी_फ्लेमिंगो
हो, नोंद टाकतानाच तो पर्याय दिसतो. धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींचं ठिकाण ते आपोआपच झाकतात. जुने बिनधास्त टाका, नकाशावर जरा मोठं वर्तुळ ठेवा की झालं. हाजी अलीचे आधी टाका ताई, मला बघायचेत.